हेल्मेटची तापती काच जोडल्यापासून स्नोमोबाइलचा दिवा मंदावतो

उत्तरवाट (टिमिन्स, ऑन्टारिओ)

नमस्कार. स्नोमोबाइल चालवणारे मराठी वाचक इथे फार नसतील, परंतु वायरिंगमध्ये हात मळलेले बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून दिसते, म्हणून प्रश्न सविस्तर मांडतो आहे.

माझी गाडी जुनी, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरांची आणि पंख्याने थंड होणारी आहे. तिला बॅटरी नाही. दोरी ओढून इंजिन सुरू करायचे आणि फ्लायव्हीलखालच्या कॉइलमधून जी वीज निघेल तिच्यावरच पुढचा दिवा, मागचा दिवा, तापणाऱ्या मुठी आणि थ्रॉटलचा तापणारा खटका चालवायचा, अशी तिची व्यवस्था आहे. कॉइल २२० वॅटची असल्याचे पुस्तिकेत दिले आहे. ही वीज एसी आहे आणि एक रेग्युलेटर ती १४ व्होल्टच्या आसपास रोखून धरतो.

गेल्या हिवाळ्यात उणे २८ अंशांत तळ्यावरून परतताना हेल्मेटची काच आतून इतकी गोठली, की अखेरचे सहा किलोमीटर काच वर करून आणि एक डोळा मिटून काढावे लागले. पापण्यांवर बर्फ धरला होता आणि गालाच्या हाडावर पांढरा डाग पडला होता, तो ओसरायला आठवडा गेला. म्हणून यंदा तापणारी दुहेरी काच घेतली. तिच्या आतल्या थरावर पारदर्शक वाहक लेप आहे, कडेला दोन पट्ट्या आहेत आणि बाजूला आरसीए पद्धतीचा छोटा सॉकेट आहे. जुन्या टीव्हीच्या मागे पिवळ्या-पांढऱ्या-लाल रंगांची जी भोके असत, तेच हे. काचेवर तापमान राखणारे छोटे इलेक्ट्रॉनिक युनिट आहे आणि लेबलावर ‘१२ व्होल्ट डीसी’ असे स्पष्ट छापलेले आहे.

गाडीत डीसी नसल्यामुळे मी मुठींच्या स्विचच्या अलीकडून एसी घेतली, १० अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा भाग) लावला, त्याच्या डीसी बाजूच्या धन तारेत ३ अँपिअरचा फ्यूज आणि एक स्विच बसवला, आणि तिथून पुढे डॅशवरच्या आरसीए सॉकेटपर्यंत दोन तारा नेल्या. सगळे सामान तारांवर लोंबकळत असताना गाडी सुरू करून पाहिली, तेव्हा काच दोन मिनिटांत छान तापली. मग सॉकेट डॅशखालच्या ॲल्युमिनिअमच्या पट्टीत नट आवळून बसवला, तारा बांधल्या, हुड लावले. तेव्हापासून पुढचा दिवा पिवळट मंद झाला आहे, काच नुसती कोमट होते, आणि ब्रिज इतका तापतो की बोट टेकवत नाही. पहिला ब्रिज तर जळालाच. फ्यूज मात्र शाबूत आहे.

गावातल्या एका दुकानदाराने रेग्युलेटर कमजोर असल्याचे सांगितले. मी नवा रेग्युलेटर घातला, पैसे गेले, फरक शून्य. कॉइलच्या आवाक्यापेक्षा भार जास्त होतो आहे का, हा माझा प्रश्न आहे.

सुपिरिअरकाठ (हाउटन, मिशिगन)

भाराचा हिशेब आधी करून टाकू, म्हणजे तो संशय तरी मिटेल. माझ्या काचेचा रोध मी मोजला होता, तो ८ ओहमच्या जवळपास आला. १४ व्होल्टला ८ ने भागले की पावणेदोन अँपिअर येतात, म्हणजे साधारण २४ ते २५ वॅट. आपला पुढचा दिवा ५५ किंवा ६० वॅटचा असेल. मुठी, थ्रॉटलचा खटका आणि मागचा दिवा मिळवला तरी चढ्या फेऱ्यांवर २२० वॅटच्या कॉइलला हे जड जाऊ नये. आयडलवर, म्हणजे इंजिन नुसते घुमत असताना, गोष्ट वेगळी, कारण तिथे कॉइल तिच्या नावावरच्या वॅटचा थोडासाच हिस्सा देते. म्हणून पहिला प्रश्न असा, की दिवा फक्त आयडलवर मंद असतो, की थ्रॉटल दाबल्यावरही तसाच राहतो?

एक सूचना, जी आपल्यासाठी कदाचित उशिरा आली असेल, पण धागा वाचणाऱ्या इतरांच्या उपयोगी पडेल. काचेत इलेक्ट्रॉनिक युनिट नसेल तर डीसीची गरजच नसते. तापणारा लेप हा केवळ रोध आहे. इस्त्रीला जसे एसी-डीसीचे सोयरसुतक नसते, तसेच त्याचेही. मीटर ओहमवर ठेवून काचेच्या सॉकेटची मधली पिन आणि बाहेरचे कडे यांच्यामध्ये मोजावे, मग टोके उलटी करून पुन्हा मोजावे. दोन्ही वेळा ६ ते १० ओहमचा एकच आकडा आला तर काच साधी आहे. ती मुठींच्या एसीवर थेट चालते आणि ब्रिजचा खटाटोप वाचतो. माझी तशी आहे आणि तिचा हा चौथा हिवाळा आहे. आकडा हजारांत आला किंवा टोके उलटल्यावर बदलला, तर मध्ये इलेक्ट्रॉनिक्स बसले आहे असे समजावे.

प्रश्नचिन्ह (कॅलगरी)

एवढ्या उपद्व्यापापेक्षा खिशात लिथियमचा बॅटरी पॅक ठेवून काच चालवली तर काय बिघडते?

सुपिरिअरकाठ

तासाभराच्या फेरीसाठी काहीच बिघडत नाही. परंतु २४ वॅट चार तास म्हणजे ९६ वॅट-तास झाले, आणि थंडीत लिथियम पेशी आपली सगळी क्षमता देत नाहीत, म्हणून पॅक त्याहून बराच मोठा घ्यावा लागतो आणि तो जाकिटाच्या आत, अंगाच्या उबेत ठेवावा लागतो. गाडीखाली वीज फुकट तयार होत असताना हे ओझे मी तरी छातीवर बाळगणार नाही.

चकमक (पुणे)

मी स्नोमोबाइल फक्त चित्रात पाहिली आहे. परंतु दुचाक्यांच्या वायरिंगमध्ये माझी चाळीस वर्षे गेली, आणि आपले वर्णन वाचून मला लुना आणि जुन्या स्कूटर आठवल्या. इथल्या जुन्या वाचकांनाही आठवत असेल, की सिग्नलला गाडी उभी राहिली की दिवा काजव्यासारखा व्हायचा आणि मूठ पिळली की भक्कन उजळायचा. बॅटरी नाही, मॅग्नेटोची एसी सरळ बल्बला. आपली गाडी म्हणजे तीच लुना, फक्त बर्फावरची.

अशा गाड्यांमध्ये एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षातून निसटते. लाइटिंग कॉइलचे एक टोक पिवळ्या किंवा तत्सम रंगाच्या तारेने बाहेर येते, आणि दुसरे टोक आतल्या आत इंजिनच्या बॉडीला अर्थ केलेले असते. म्हणजे चॅसिस ही डीसी गाडीसारखी ‘ऋण’ नसते; ते एसीचे एक टोक असते.

आता मला तीन गोष्टी करून सांगा. पहिली, गाडी बंद ठेवून ब्रिजकडे जाणाऱ्या दोन्ही एसी तारा सोडवा आणि त्यांपैकी कोणती चॅसिसशी शून्य ओहम दाखवते ते पाहा. दुसरी, सर्व पुन्हा जोडा, काचेची दोरी (हेल्मेटपर्यंत वीज नेणारी गुंडाळीची तार) सॉकेटमधून काढून टाका, आपला स्विच बंद ठेवा आणि मग गाडी सुरू करून दिव्याकडे पाहा. हे आपण केलेले दिसत नाही. ‘काच लावल्यापासून दिवा मंद’ असे आपण लिहिले आहे, ‘काच चालू असताना’ असे नाही, आणि या दोहोंत बराच फरक आहे. तिसरी, सॉकेटचा नट सोडून तो पट्टीतून बाहेर काढा, हवेत धरा आणि पुन्हा पाहा.

काच खर्ची घालून प्रयोग करू नका. ब्रेकच्या दिव्याचा २१ वॅटचा बल्ब घ्या, त्याला दोन तारा डाखून आरसीए पिन लावा. तो १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे आपल्या काचेइतकाच, आणि जळाला तर पाच-पन्नास रुपयांत दुसरा मिळतो. कॅनडात काय भाव असेल ते आपणच जाणे.

उत्तरवाट

चकमककाका, आपण जागेवरच बोट ठेवले आहे असे वाटते. जे दिसले ते जसेच्या तसे लिहितो.

दोन एसी तारांपैकी तपकिरी तार चॅसिसशी जोडलेली निघाली, मीटरवर ०.३ ओहम, जे मीटरच्या तारांचेच असावे. दुसरी, पिवळी तार, कॉइलकडून येते.

मग काच काढून, स्विच बंद ठेवून गाडी सुरू केली. दिवा मंदच! मी थ्रॉटल दाबून पाहिला. उजेड थोडा वाढला, पण पिवळटपणा गेला नाही. आतापर्यंत मी ही चाचणी केलीच नव्हती, कारण भार काचेचा आहे हे मी गृहीत धरून चाललो होतो. त्यानंतर इंजिन चालू असतानाच पान्याने सॉकेटचा नट सैल केला. नट शेवटच्या दोन आट्यांवर असताना दिवा लुकलुकू लागला, आणि सॉकेट पट्टीतून सुटून तारेवर लोंबकळला त्या क्षणी गॅरेजची समोरची भिंत पांढरीशुभ्र उजळली. सॉकेटचे कडे पुन्हा पट्टीला नुसते टेकवले की मंद, उचलले की लख्ख. हा खेळ मी चार वेळा केला. मुलगी दारात उभी राहून विचारत होती, की बाबा दिव्याशी काय बोलताहेत.

२१ वॅटचा बल्ब लावून पाहिला, तोही सॉकेट हवेत असताना व्यवस्थित पेटतो. सारांश, दोष सॉकेटच्या धातूच्या अंगात आहे एवढे कळले. परंतु सॉकेटचे बाहेरचे कडे ऋण, आणि चॅसिस म्हणजे अर्थ. ऋण चॅसिसला लागले तर बिघडले काय? मोटारीत तर ते तसेच असते.

चकमक

मोटारीत बॅटरीचे ऋण टोक आपण स्वतः बॉडीला बांधतो आणि तो निर्णय एकदाच होतो. इथे तो निर्णय कारखान्याने आधीच केला आहे, कॉइलचे टोक बांधून. आपण ब्रिजचे ऋण टोक त्याच बॉडीला लावता, तेव्हा एकाच बॉडीला दोन मालक होतात.

कागदावर ब्रिजचे चार डायोड काढा; डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो. एसीचे दोन कोपरे, पिवळा आणि तपकिरी. डीसीचे दोन कोपरे, धन आणि ऋण. तपकिरी म्हणजेच बॉडी. आता सॉकेटमुळे ऋणही बॉडी झाले, म्हणजे ऋण आणि तपकिरी हे दोन कोपरे एकच झाले. पिवळी तार धन असते त्या अर्ध्या आवर्तनात करंट पिवळ्यातून निघतो, एका डायोडमधून धन कोपऱ्यात, तिथून काचेत आणि परत बॉडीत. म्हणून आपली काच निदान कोमट होत होती. पुढच्या अर्ध्या आवर्तनात पिवळी तार बॉडीपेक्षा ऋण होते. तेव्हा ऋण कोपऱ्यातून पिवळ्याकडे जाणारा डायोड उघडतो, आणि ऋण कोपरा म्हणजे खुद्द बॉडी! कॉइलची दोन्ही टोके एका डायोडमधून थेट शॉर्ट झाली. मध्ये काच नाही, स्विच नाही, फ्यूज नाही. दिव्याला मिळणारी अर्धी वीज तिथेच जिरते, म्हणून तो मंद. तो एकटा डायोड कॉइलचा सगळा करंट सोसतो, म्हणून ब्रिज भाजतो. स्विच आणि फ्यूज आपण धन तारेत, ब्रिजच्या पलीकडे बसवले आहेत. त्या वाटेने हा करंट जातच नाही, त्यामुळे फ्यूज शाबूत राहिला यात नवल नाही.

फ्यूज नेहमी जिथून वीज उचलली तिथे, पहिल्या वीतभरात हवा. आपल्या बाबतीत तो पिवळ्या तारेत, ब्रिजच्या अलीकडे असता, तर पहिल्याच मिनिटाला उडाला असता, आणि ब्रिज व रेग्युलेटर दोघांचेही पैसे वाचले असते. रेग्युलेटर बिचारा निर्दोष होता. जुना फेकला नसेल तर जपून ठेवा.

ध्रुवतारा (ओउलू, फिनलंड)

वरचे विवेचन अचूक आहे; त्यात उपायाची भर घालते. मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते आणि माझ्या नवऱ्याच्या गाडीवर हीच जोडणी करून दिली आहे.

पहिला आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे ब्रिजनंतरच्या दोन्ही तारा बॉडीपासून पूर्ण अलग ठेवणे. पॅनेलवर बसवायच्या आरसीए सॉकेटबरोबर पुष्कळदा दोन काळ्या प्लॅस्टिकच्या चकत्या येतात, त्यांपैकी एकीला खांदा असतो. त्या शोभेसाठी किंवा धुळीसाठी नसतात. सॉकेटचे अंग पत्र्यापासून अलग ठेवण्यासाठीच असतात, आणि खांदा आत बसावा म्हणून भोक थोडे मोठे पाडावे लागते. परंतु मी चकत्यांवर विसंबणार नाही. हादऱ्यांनी त्या सरकतात. सॉकेट सरळ प्लॅस्टिकच्या तुकड्यावर बसवा आणि तो तुकडा गाडीला जोडा. ॲक्रिलिक नको, ते थंडीत तडकते. स्वयंपाकघरातला पांढरा भाजी चिरायचा पॉलिथिनचा पाट कापून घ्या. तो उणे तिशीतही चिवट राहतो.

दुसरा धोका दोरीचा आहे. दोरीच्या पिनेवर धातूचे चकाकते आवरण असेल तर ते ऋण तारेशीच जोडलेले असते. ते आवरण हँडलच्या दांड्याला लागले की हाच दोष पुन्हा उभा राहतो, आणि तो अधूनमधून येणारा असल्यामुळे अधिक छळतो. प्लॅस्टिकच्या अंगाची पिन घ्यावी. तसेच गाडीच्या बाजूला नेहमी भोकाचा सॉकेट असावा, बाहेर आलेली पिन नसावी.

तिसरी गोष्ट व्होल्टेजची. आपल्या युनिटला सपाट डीसी हवी असेल तर ब्रिजनंतर कपॅसिटर (वीज साठवून लहर सपाट करणारा भाग) लागेल, आणि इथे लोक फसतात. १४ व्होल्ट एसी हा परिणामी (आरएमएस) आकडा असतो, लहरीचे शिखर नव्हे. स्वच्छ लहरीचे शिखर त्याच्या १.४१ पट, म्हणजे जवळजवळ २० व्होल्ट. दोन डायोडचे दीड व्होल्ट वजा केले तरी भार नसलेला कपॅसिटर १८ व्होल्टच्या आसपास चढू शकतो. रेग्युलेटर लहर कापतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा गाडीगणिक बदलेल, पण १२ व्होल्टसाठी बनवलेल्या युनिटला तो झेपेलच असे नाही. ३५ व्होल्टचा, ४७०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्यानंतर व्होल्टेज उतरवणारे तयार ३ अँपिअरचे मॉड्यूल १३ व्होल्टवर लावून घ्यावे. कपॅसिटर उणे ४० अंशांपर्यंतचा हमखास पाहून घ्या. साधे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर थंडीत सुस्तावतात. फ्यूज मात्र ५ अँपिअरचा ठेवा, कारण कपॅसिटर करंट झटक्याझटक्याने ओढतो आणि ३ चा फ्यूज विनाकारण उडेल.

हे मॉड्यूल घेतले तरी आत-बाहेरचा ऋण एकच असतो, म्हणून बॉडीपासून अलग ठेवण्याचा नियम तिथेही तसाच लागू राहतो.

सुपिरिअरकाठ

मी अजूनही म्हणेन, की ते युनिट काढून काच सरळ एसीवर चालवावी. सुटे भाग जितके कमी, तितके जंगलात बिघडायला कमी.

ध्रुवतारा

तत्त्वतः मान्य. परंतु युनिट काचेच्या पट्टीत चिकटवलेले असेल तर ते उकरताना लेपाची पट्टी उखडते, आणि मग काच कायमची आंधळी होते. शिवाय ते युनिट काचेला अति तापण्यापासूनही वाचवते. साध्या काचेवर पूर्ण वीज देऊन ती उबदार खोपट्यात विसरली, तर दोन थर एकमेकांपासून सुटू शकतात.

चकमक

कॉइलचे अर्थ केलेले टोक उकलून ते मोकळे करायचे, म्हणजे मग ऋण बॉडीला लावता येते, असा सल्ला आपल्याला कुठेतरी वाचायला मिळेल. ते काम उत्तम होते, पण त्यासाठी फ्लायव्हील ओढून काढावे लागते, एसीचा रेग्युलेटर बदलून रेग्युलेटर-रेक्टिफायर घालावा लागतो आणि दिव्यांचे, मुठींचे परतीचे मार्ग पुन्हा तपासावे लागतात. एका काचेसाठी ते करू नये असे माझे मत आहे.

उत्तरवाट

काम झाले. तीन संध्याकाळी गेल्या, त्यांतली एक निव्वळ सामान शोधण्यात.

सॉकेटच्या रिकाम्या पाकिटात त्या दोन काळ्या चकत्या अजून पडलेल्या होत्या. मी त्यांना वॉशर समजून बाजूला ठेवले होते! ध्रुवतारा यांच्या सांगण्यानुसार चकत्यांचा नाद सोडला. भाजीच्या पाटाचा हाताच्या तळव्याएवढा तुकडा करवतीने कापला, त्यात भोक पाडून सॉकेट बसवला आणि तुकडा दोन स्क्रूंनी डॅशला जोडला. मग मीटर लावून सॉकेटचे कडे आणि चॅसिस यांच्यामध्ये मोजले. थेट संपर्क नाही हे आधी पाहिले आणि मगच इंजिनची दोरी ओढली. फ्यूज आता पिवळ्या तारेत, जोडापासून चार बोटांवर आहे. ब्रिज ॲल्युमिनिअमच्या पत्र्यावर आवळला आहे. त्याचे बाहेरचे अंग आतल्या डायोडांपासून अलग असते, हे मीटरने खात्री करून घेतले. तारा सिलिकॉनच्या आवरणाच्या, एक चौरस मिलिमीटरच्या वापरल्या, कारण माझी जुनी पीव्हीसीची तार गॅरेजबाहेर रात्रभर ठेवून सकाळी वाकवली तेव्हा तिचे आवरण काडीसारखे मोडले. जोड सगळे थिंबल (तारेच्या टोकावरची धातूची टोपी) दाबून केले आणि त्यांवर आतून गोंद असलेल्या नळ्या तापवून बसवल्या. डाख दिलेला जोड हादऱ्यांनी डाखाच्या कडेला तुटतो हे मागे एकदा भोगले आहे.

कपॅसिटरवर काच न लावता १७.६ व्होल्ट आले, म्हणजे इशारा योग्य होता. मॉड्यूलनंतर १३ वर स्थिर. इंजिन १८०० फेऱ्यांवर नुसते घुमत असताना ते साडेनऊपर्यंत उतरते आणि काच सुस्तावते, पण थ्रॉटल जरा दाबला की परत येते. काकांची लुना!

शनिवारी उणे २४ मध्ये फेरी मारली. पहिले दहा किलोमीटर अप्रतिम. मग एका डाव्या वळणावर दिव्याने डोळा मारला आणि सगळे विझले. डावीकडे पूर्ण वळवले की विझायचे, सरळ केले की परत. बर्फात गुडघे टेकून टॉर्च लावली, तर दोरीची चकाकती धातूची पिन हँडलच्या आकड्याला टेकलेली दिसली आणि फ्यूज उडालेला होता. ध्रुवतारा यांनी नेमके हेच लिहिले होते आणि मी ‘दोरी नंतर बदलू’ म्हणून पुढे ढकलले होते. पिनेवर इन्सुलेशन टेप गुंडाळला, खिशातला दुसरा फ्यूज घातला आणि घरी आलो. या वेळी ब्रिज साधा कोमटही झाला नव्हता. फ्यूज योग्य जागी असल्याचा पुरावा याहून चांगला काय हवा?

सुपिरिअरकाठ

‘सगळे विझले’ आणि ‘सरळ केले की परत’ हे फ्यूज उडाल्यावर कसे शक्य आहे?

उत्तरवाट

बरोबर पकडलेत, घाईत दोन गोष्टी एकत्र लिहिल्या. आधी दोन-तीन वळणांवर दिवा लुकलुकून परत येत होता, पिन अलगद घासत असावी. शेवटच्या वळणावर ती पक्की टेकली, दिवा मंदावला आणि लगेच पूर्ववत लख्ख झाला, कारण फ्यूज उडून शॉर्ट तुटला. विझलेली ती काच, दिवा नाही. काचेवर धुके चढू लागले तेव्हा मी थांबलो.

चकमक

आता हँडल डावीकडे आणि उजवीकडे टोकापर्यंत वळवून, उभे राहून आणि बसून, दोरी कुठे ताणते, कुठे अडकते ते पाहा. आणि दोरी कशालाही बांधू नका. गाडीवरून पडलात तर ती पहिल्या हिसक्याला सुटली पाहिजे, हेल्मेट ओढता कामा नये.

उत्तरवाट

हे पाहिले. गुंडाळीची दोरी जाकिटाच्या खांद्यावर चिमट्यात नुसती टेकवली आहे, आणि ओढली की पिन सॉकेटमधून सुटते. इंजिन बंद करणारी सुरक्षेची दोरी वेगळ्या बाजूला, पट्ट्याला लावतो, म्हणजे दोन्ही एकमेकींत गुंतत नाहीत.

नवा_हिवाळा (शिकुतिमी, क्विबेक)

माझी गाडी नवी, बॅटरीची आणि चावीची आहे. मलाही ब्रिज वगैरे लागेल का? मुठींच्या तारेतून वीज घ्यावी असे मित्र सांगतो.

ध्रुवतारा

ब्रिज लागणार नाही, कारण आपल्याकडे डीसी आहे आणि ऋण बॉडीवरच आहे. या धाग्यातला दोष आपल्याकडे उद्भवत नाही. परंतु मुठींच्या तारेला हात लावू नका. नव्या गाड्यांत मुठींची ऊब बहुधा कंट्रोल युनिट वीज तुटकतुटक सोडून कमी-जास्त करते. त्यावर काच जोडली तर काचेची ऊब मुठींच्या बटणावर नाचेल आणि युनिट दोषाचा दिवाही लावू शकेल. आधी पुस्तिकेत पाहा. कित्येक गाड्यांत जादा उपकरणांसाठी तयार कनेक्टर दिलेला असतो आणि तोच वापरणे सर्वांत बरे. तो नसेल तर बॅटरीच्या धन टोकावरून, लगेच ५ अँपिअरचा फ्यूज लावून, रिलेमार्फत (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचमार्फत) वीज घ्या आणि रिलेची कॉइल इंजिन चालू असतानाच वीज येणाऱ्या तारेवर चालवा. बॅटरीवर थेट जोडली आणि काच चालू राहिली, तर दोन अँपिअरने रात्रभरात बॅटरी बसेल.

प्रश्नचिन्ह

आणि चष्मा? काच तापली तरी माझा चष्मा धुकतोच.

सुपिरिअरकाठ

काच तापवणे हा अर्धा उपाय आहे. श्वास साधारण चौतीस अंशांचा आणि वाफेने भरलेला असतो. तो वर चढू दिला तर चष्म्याला काही वायर नाही. हेल्मेटमधला नाकावरचा मुखवटा घट्ट बसवा, श्वास हनुवटीखालून बाहेर जाऊ द्या. मी हेल्मेट घालण्याआधी दोन मिनिटे काच चालू करतो आणि चष्मा आतल्या खिशात उबेला ठेवतो. थांबल्यावर काच एकदम पूर्ण वर न करता बोटभर उघडतो. पूर्ण उघडली की कडेच्या रबरावर बर्फ धरतो आणि मग ती नीट बसत नाही.

उत्तरवाट

प्लॅस्टिकच्या अंगाची दोरी आज टपालाने आली. जोडून, हँडल दोन्ही टोकांपर्यंत वळवून, आकड्यावर मुद्दाम घासून पाहिली. दिवा ढळला नाही. जुना रेग्युलेटर काकांच्या सल्ल्याने धुऊन डब्यात ठेवला आहे.